दोन्ही बाजूंचा एकच वकील : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील हितसंघर्ष आणि न्यायाचा कालावधी

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. तेव्हापासून मध्यमवर्गीय ढोंग आणि स्त्रीची कोंडी या दोन अंगांनीच त्याचा प्रामुख्याने विचार झाला. तो रास्तही आहे. मात्र त्यात खटल्याची कार्यपद्धती केवळ निमित्त ठरली. प्रस्तुत लेखकाच्या मते लीला बेणारेवरील अन्यायाचे मूळ या कार्यपद्धतीतच आहे.

अभिरूप न्यायालयात फिर्यादी पक्षाचा वकील सुखात्मे आणि आरोपीचा वकीलही सुखात्मेच. पात्रे कमी म्हणून केलेली ही सोय, असे समजून वाचक पुढे जातो. वर्गात विद्यार्थी या ठिकाणी हसतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार, एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षातर्फे उभे राहता येत नाही. अशिलाचा विश्वास हा या नियमाचा पाया होय. बेणारेने सुखात्मेला वकील म्हणून नेमलेलेच नाही. विश्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसऱ्या अंकात या दुहेरी भूमिकेचे खरे स्वरूप उघड होते. फिर्यादी म्हणून आवेशाने बोलणारा सुखात्मे बचावाच्या जागी येताच खिन्न मुद्रा धारण करतो. प्रा. दामले हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा माणूस. त्याचे नाव पुकारले जाते आणि तो गैरहजर असतो. त्याला हजर करण्याचा आग्रह कोणी धरत नाही. पुढे बचावाच्या भाषणात सुखात्मे गुन्हा भयंकर असल्याचे मान्य करून केवळ दयेची याचना करतो. म्हणजे आरोपीचा वकीलच आरोप सिद्ध झाल्याचे गृहीत धरतो! फिर्यादीच्या भाषणापेक्षा हे भाषण अधिक घातक आहे, कारण त्यानंतर बेणारेच्या बाजूने बोलण्याजोगे काही उरत नाही. वकिलीत अपयशी ठरलेल्या या माणसाला येथे दोन्ही बाजूंनी विजय मिळतो, हा तेंडुलकरांचा जळजळीत उपरोध समीक्षेने पुरेसा टिपलेला नाही.

न्यायाधीश काशीकर तर आसन सोडून स्वतःच साक्ष देतात. त्यांची पत्नीही साक्षीदार होते. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. निवेदनासाठी आरोपीला दहा सेकंद मिळतात. नांदेड-लातूरच्या पक्षकाराला मात्र न्यायालय म्हटले की ‘तारीख’ आठवते. १९८१ साली औरंगाबाद खंडपीठ सुरू झाल्याने प्रवास कमी झाला, तारखा कमी झाल्या असे म्हणवत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात हा विलंब प्रत्ययास येतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांची दुसरी अटक होते आणि न्यायालयाची सुट्टी आड येते. तेथील बचावाचा वकील विनय वोरा प्रामाणिक आहे, निष्ठेचा संघर्ष त्याच्यापुढे नाही. तरीही आरोपी तुरुंगातच राहतो. त्यामुळे हितसंघर्ष टळला म्हणजे न्याय मिळाला, असे समीकरण मांडता येत नाही.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. कंपन्यांच्या विलीनीकरणाची छाननी भारतीय स्पर्धा आयोगाने २१० दिवसांत संपवावी, अशी मर्यादा स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती १५० दिवसांवर आणली. विलंबाने भांडवलाचे नुकसान होते, हे कायद्याने ओळखले. कांबळेंच्या खटल्याला असे दिवस कोणी मोजून दिलेले नाहीत, आणि बेणारेला मोजून दिलेली आहेत ती सेकंदे. कोणाची वेळ मोलाची, हे दोन्ही कलाकृतींतून सारख्याच स्पष्टपणे दिसते.

नाटकाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. दहा सेकंदांच्या आज्ञेनंतर काळ गोठतो आणि बेणारेचे प्रदीर्घ स्वगत सुरू होते. सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाने ते अजरामर केले. परंतु त्यात ती जीवनाविषयी, देहाविषयी, मामाविषयी आणि प्राध्यापकाविषयी बोलते. खटल्याविषयी जवळजवळ बोलतच नाही. कार्यपद्धतीतून उभा केलेला पेच तेंडुलकर भावनेच्या पातळीवर नेतात. परिणामी प्रेक्षक बेणारेसाठी हळहळतो, पण सुखात्मेला दोन्ही बाजू कोणी दिल्या, हे विचारत नाही.