डिमॉस्थिनीझची ऑलिंथसविषयक भाषणे : एक विचार

मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने इ. स. पू. ३४९ मध्ये ऑलिंथसकडे मोर्चा वळविला आणि त्या नगराने अथेन्सकडे साहाय्य मागितले. त्या प्रसंगी डिमॉस्थिनीझने केलेली तीन भाषणे वक्तृत्वाचे आदर्श म्हणून वाखाणली जातात. त्यांतील युक्तिवाद मात्र तितक्या साक्षेपाने तपासला जात नाही.

ऑलिंथस हा अथेन्सचा विश्वासू मित्र कधीच नव्हता. इ. स. पू. ३५६ मध्ये फिलिपने जिंकून दिलेले पॉटिडिया त्याने आनंदाने स्वीकारले होते. त्यामुळे वचनपालनावर डिमॉस्थिनीझ फारसा भर देत नाही. आज तेथे लढावयाचे की उद्या आपल्या अंगणात, एवढाच प्रश्न तो सभेपुढे ठेवतो. शिवाय, स्वतःच्या अनुभवातून उपजलेले ऑलिंथसचे फिलिपविषयीचे वैर आपण चिथावून निर्माण केलेल्या वैरापेक्षा अधिक टिकेल, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे.

पहिल्या भाषणातील फिलिप दक्ष, चपळ आणि एकहाती सत्ता चालविणारा आहे. दुसऱ्यातील फिलिपची सत्ता कपटावर उभारलेली व आतून पोखरलेली आहे. ही विसंगती नजरचुकीची नव्हे. बेफिकीर सभेला भय दाखवावे लागते, हताश सभेला धीर द्यावा लागतो. पण शत्रूचे खरे बळ किती, हे श्रोत्याला शेवटपर्यंत उमगत नाही. हॅलिकार्नॅससच्या डायोनिसियसने सुचविलेला क्रम (दुसरे, तिसरे, पहिले) येथे ग्राह्य वाटत नाही. उत्सवासाठी नागरिकांना वाटल्या जाणाऱ्या निधीचा पहिल्या भाषणात केवळ ओझरता निर्देश आहे. तो लष्कराकडे वळविण्यात आड येणारे कायदे रद्द करा, असे तिसऱ्यात उघड सांगितले आहे. वक्ता धीट होत गेला, हेच अधिक संभवनीय.

खरे वैगुण्य अन्यत्र आहे. ॲम्फिपोलिस आणि पिडना ज्यांनी फिलिपच्या स्वाधीन केले त्यांची पुढे काय गत झाली हे ऑलिंथसवासी जाणतात, म्हणून ते फितणार नाहीत, असे डिमॉस्थिनीझ गृहीत धरतो. मित्राच्या तटाआड दोन पक्ष असू शकतात, ही शक्यता तो तोलून पाहत नाही. अथेन्सने तुकड्यातुकड्यांनी कुमक धाडली आणि शेवटची वेळेवर पोहोचली नाही, हे खरेच. परंतु इ. स. पू. ३४८ मध्ये नगर पडले ते युथिक्रेटीझ आणि लॅस्थेनीझ यांच्या फितुरीने, आणि पुढील भाषणांत डिमॉस्थिनीझ स्वतःच त्यांच्यावर दोष ठेवतो.