न आलेल्या ब्लॉकचं प्रमाण

मंडळी, बिटकॉइनच्या भावाबद्दल आम्ही आज बोलणार नाही. त्यात आम्हाला गतीही नाही. बोलायचं आहे ते एका दाव्याबद्दल. स्वतःचा नोड चालवणारे लोक म्हणतात, कुणावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा. संगणकवाले ज्ञानमीमांसेत एवढी उडी घेत असतील, तर आम्ही ती तपासायला नको का?

आधी त्यांचं श्रेय त्यांना देऊ. नोड म्हणजे घरच्या संगणकावर अहोरात्र चालणारा प्रोग्राम. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनची सगळी खातेवही तो उतरवून घेतो आणि शेजारच्या नोडकडून येणारा प्रत्येक नवा ब्लॉक नियमांवर घासून बघतो. तेच नाणं दोनदा खर्च झालेलं दिसलं, की ब्लॉक फेटाळला. पाठवणारा कोण, किती मोठा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. (मूळ सेटिंग न बदलता चालवलात तर बऱ्याच जुन्या ब्लॉकांतल्या सह्या तो तपासत नाही, तेवढं आप्तवाक्य तिथेही शिल्लक आहे.)

पण ही परीक्षा झाली आलेल्या ब्लॉकची. जो आलाच नाही त्याचं काय?

सातोशी नाकामोतो या नावानं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी निबंधाला हा प्रश्न माहीत आहे. एखादा व्यवहार झालेला नाही अशी खात्री करायची, तर झालेले सगळे व्यवहार ठाऊक हवेत, असं तो दुसऱ्याच भागात सांगतो. आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. पण ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, तरी जमिनीवर घडा दिसत नाही, तरच 'घडा नाही' हे ज्ञान. अंधारात न दिसलेल्या घड्यावरून काय सिद्ध होणार?

नोडचा उजेड म्हणजे त्याचे शेजारी. निबंध पाचव्या भागात सहज सांगून जातो, की एखादा ब्लॉक निसटला तरी पुढचा आल्यावर नोडला ते कळेल आणि तो मधला मागून घेईल. पुढचा आल्यावर! आमचा आक्षेप नेमका इथे आहे. २०१५ मध्ये बोस्टन विद्यापीठ आणि जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दाखवलं, की एखाद्या नोडचे सगळे शेजारी हल्लेखोराला आपलेच करून टाकता येतात. या हल्ल्याला म्हणतात ग्रहण. ग्रहणातला नोड नियम मोडणारा ब्लॉक तेव्हाही स्वीकारत नाही. पडताळणी बिनचूक चालू असते, फक्त बाहेरचं जग पोचत नाही. अशा नोडवर पैसे जमा झालेले पाहून दुकानदारानं माल दिला, तर तेच नाणं खऱ्या साखळीत दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असू शकतं.

म्हणून देखरेख आली, आणि तीही वाटते तितकी सोपी नाही. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो. पण हिशेब मांडला तर सुमारे चारशे ब्लॉकांत एकदा, म्हणजे अडीच-तीन दिवसांतून एकदा, काहीही बिघडलेलं नसताना तासाहून जास्त खंड पडतो. मग तासभराची शांतता नैसर्गिक की ग्रहणाची? लॉग वाचून कळत नाही, कारण लॉगमध्ये आलेल्याचीच नोंद. बिटकॉइन कोअर हा प्रोग्राम अर्धा तास नवा ब्लॉक दिसला नाही, तर एक जादा शेजारी गाठायला बघतो. जाणते नोडवाले आणखी पुढे जातात, बरं का. मोबाइलच्या इंटरनेटवरून, वेगळ्या वाटेनं, एखाद्या मित्राच्या नोडशी शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक आणि हॅश ताडून पाहतात.

मित्राच्या! दारातून घालवलेला आप्त खिडकीतून परत आला म्हणायचा. आम्हाला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट इथेच ही व्यवस्था आम्हाला शहाणी वाटते. शेजाऱ्यांत एक जरी खरा निघाला तरी भागतं, कारण सर्वाधिक श्रम खर्ची पडलेली वैध साखळी एकदा समोर आली की नोड तिच्याकडेच वळतो. सगळे प्रामाणिक असण्याची गरज नाही, एक पुरे. पण तो एक लागतोच, आणि तो आपल्यापर्यंत पोचावाही लागतो. निबंधानं हे गृहीत धरलं आहे. घोषणा देणारे त्याचा उच्चारही करत नाहीत.