बहिष्कार कोणाचा, किंमत कोणाची? : खेळाडू आणि मानवी हक्कांचा प्रश्न

प्रस्तावना :

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या वाटचालीत १९३६ या वर्षाला विशेष स्थान आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने त्या वर्षी बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने कबड्डी व अन्य देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. वऱ्हाडात शारीरिक शिक्षणाचा विषय निघाला की हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान रास्त आहे. पारतंत्र्यातील एका जिल्ह्याच्या गावची व्यायामसंस्था स्वतःच्या मातीतला खेळ घेऊन युरोपच्या एका राजधानीत उभी राहिली, ही घटना लहान नव्हे. मात्र या कथनात एक गोष्ट सहसा येत नाही. अमरावतीचे पथक ज्या बर्लिनला गेले, त्याच बर्लिनला आपण जाणार नाही असे जाहीरपणे सांगणारे खेळाडूही त्या वर्षी होते आणि त्यांनी त्या नकाराची किंमत मोजली.

मानवी हक्कांची पायमल्ली होत असेल तेथील स्पर्धेवर खेळाडूने बहिष्कार टाकावा काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार चर्चिला जातो. तो दूरदर्शनच्या पडद्याने व पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी निर्माण केलेला प्रश्न आहे, अशी आपल्याकडे एक समजूत दिसते. वस्तुतः मराठी मुलुखात हा प्रश्न बर्लिनच्याही आधी उभा राहिला होता. त्याला मिळालेली उत्तरे एकसारखी नव्हती आणि या चर्चेत खरे महत्त्व त्या फरकाला आहे.

बर्लिन, १९३६ :

सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले. ऑलिम्पिकच्या काळात पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ज्यूविरोधी फलक उतरविण्यात आले. स्पर्धेच्या तोंडावर बर्लिनमधील रोमा कुटुंबांना पकडून शहराच्या कडेला मार्झान येथील छावणीत ठेवण्यात आले. अमेरिकेत बहिष्काराचा ठराव डिसेंबर १९३५ मध्ये हौशी खेळाडूंच्या संघटनेत अगदी थोड्या मतांनी फेटाळला गेला. ऑस्ट्रियाच्या संघात निवड झालेल्या ज्युडिथ डॉइच, रूथ लांगर व लुसी गोल्डनर या ज्यू जलतरणपटू मुलींनी मात्र बर्लिनला जाण्यास नकार दिला. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली. डॉइच यांच्यावरील अन्याय त्या संघटनेने औपचारिकरीत्या मान्य केला तो १९९५ मध्ये, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी.

या पार्श्वभूमीवर अमरावतीच्या पथकाने जावयास नको होते काय? असा निवाडा आज करणे सोपे आहे आणि सोपे असल्यामुळेच तो संशयास्पद आहे. पथकातील तरुण स्वतःच अधिकारवंचित प्रजा होते. त्यांच्या देशाचे नेते तुरुंगाच्या वाऱ्या करीत होते, त्यांच्या खेळांना राज्यकर्त्यांच्या लेखी प्रतिष्ठा नव्हती, आणि येथे एक यजमान त्या खेळांना जागतिक मेळाव्यात स्थान देत होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यापूर्वी पोशाखाच्या खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केले, कारण मैदानावर तो ध्वज फडकविण्याची सोय नव्हती. गुलामाने कोणाच्या घरी पाहुणचार घ्यावा, याचा हिशेब स्वतंत्र देशाच्या मापाने करता येत नाही. ते गेले हे समजण्यासारखे आहे. परंतु ते कोठे गेले हे वगळून त्यांच्या जाण्याचा इतिहास सांगणे समर्थनीय नाही. क्रीडाइतिहास शिकविणाऱ्या महाविद्यालयांची जबाबदारी येथे सुरू होते.

पालवणकर बंधूंची माघार :

बर्लिनच्या सोळा वर्षे आधी मुंबईत घडलेला प्रसंग या दृष्टीने अधिक बोलका आहे. चर्मकार समाजात जन्मलेले पालवणकर बाळू हे आपल्या काळातील श्रेष्ठ डावखुरे गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सवर्णांना चालत असे, चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे येणार नाही, ही गोष्ट वर्षानुवर्षे न बोलता ठरलेली होती. कर्णधार एम. डी. पै यांनीच एकदा सत्कारप्रसंगी हा मान बाळूंना मिळावयास हवा होता, असे सांगितले होते.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत आजारपणामुळे पै उपलब्ध नव्हते. त्या वेळी नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली व निवेदन प्रसिद्ध करून कारणही सांगितले. नेतृत्व गुणांवर न ठरता जातीवर ठरते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. हिंदू समाजाच्या प्रतिष्ठेचा मानला जाणारा सामना आणि त्यातून दोन अस्पृश्य खेळाडू स्वतःहून बाहेर पडतात, हे धाडस केवढे असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. पुढील सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलाविण्यात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि त्या अवधीत बाळूंनी संघ चालविला. १९२३ मध्ये विठ्ठल स्वतः हिंदूंचे कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली.

विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मकथन १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील इंग्रजी ग्रंथाने पालवणकर बंधूंना पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा कोठे आपल्या भाषेतील या पुस्तकाकडे काहींचे लक्ष गेले. दलित आत्मकथनांच्या परंपरेचा विचार करणाऱ्या समीक्षेने खेळाडूच्या लेखनाला वाङ्मय न मानल्याचा हा परिणाम असावा.

पालवणकरांच्या कृतीचे वेगळेपण तीन गोष्टींत दिसते. अन्याय त्यांच्याच घरावर झाला होता, निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि मागणी नेमकी होती. त्यामुळे संघचालकांना उत्तर देणे भाग पडले. ‘खेळात राजकारण आणू नये’ हे वाक्य येथे टिकत नाही, कारण राजकारण आधीपासूनच चहाच्या भांड्यात होते.

जिमखान्याचा निर्णय आणि खेळाडूची कारकीर्द :

१९३२ चे उदाहरण इतके स्वच्छ नाही. जानेवारीत गांधीजींना अटक झाली. भारताचा संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला निघण्याच्या बेतात होता. मुंबईच्या हिंदू जिमखान्याने निषेध म्हणून आपले खेळाडू न देण्याची भूमिका घेतली आणि एल. पी. जय, विजय मर्चंट व चंपक मेहता या दौऱ्यापासून दूर राहिले. वीस वर्षांच्या मर्चंट यांना पुढे दहा कसोटी सामने मिळाले. तिशीतल्या जय यांच्या वाट्याला, डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईत झालेला, एकच सामना आला. मेहता यांना तोही मिळाला नाही. निषेध एक, किंमत मात्र प्रत्येकाची वेगळी. संस्थेचा आदेश कोठे संपतो व खेळाडूचा विवेक कोठे सुरू होतो, हेही येथे निश्चित सांगता येत नाही.

डिसेंबर १९४० मध्ये तर हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींचे मत घेण्यासाठी थेट वर्ध्याला आले. जातीय तत्त्वावर संघ उभे करणारी पंचरंगी स्पर्धा गांधीजींना मान्य नव्हती. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही, पुढच्याच वर्षी तो परतला. उद्देश निःसंशय उदात्त होता. पण खेळाडूंच्या मनात जे रुजले नव्हते, ते वरून आलेल्या निर्णयाने एका हंगामापुरतेच टिकले.

हाच भेद आजच्या घटनांनाही लावून पाहता येतो. तालिबानच्या राजवटीत स्त्रियांच्या झालेल्या अवस्थेमुळे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने २०२१ पासून अफगाणिस्तानच्या पुरुष संघाशी ठरलेल्या द्विपक्षीय लढती टाळल्या. २०२३ मध्ये रशीद खान याने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये मुलींच्या वैद्यकीय शिक्षणावरील बंदी उठवा, असे जाहीर आवाहनही त्यानेच केले. म्हणजे जो बोलतो त्याच्याच हातून मैदान काढून घेतले जाते. शिवाय तेच ऑस्ट्रेलिया विश्वचषकात त्याच संघाशी खेळते. असा निवडक बहिष्कार तत्त्वाचा वाटण्यापेक्षा वेळापत्रकाचा अधिक वाटतो.

बहिष्कार आणि मौन यांच्यामध्येही जागा असते. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारे येथे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा हे दंडाला काळी फीत बांधून मैदानात उतरले व आपल्या देशातील लोकशाहीच्या मृत्यूचा शोक करीत असल्याचे त्यांनी लेखी जाहीर केले. ते खेळले, आणि तरीही त्या विश्वचषकानंतर झिम्बाब्वेकडून पुन्हा खेळू शकले नाहीत. तीनच दिवसांनी इंग्लंडच्या संघाने हरारेत खेळण्याचे टाळले, त्यासाठी सुरक्षिततेचे कारण दिले आणि गुण गमावले. कारण सांगण्यातील हा फरक पालवणकरांच्या निवेदनाशी ताडून पाहण्यासारखा आहे.

हिवरखेड-अकोट भागातील आखाड्यात घाम गाळणाऱ्या मुलाला राष्ट्रीय स्पर्धेची संधी आयुष्यात एकदा मिळाली तरी पुष्कळ. मानवी हक्कांसाठी त्याने ती सोडावी, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्याचे स्वतःचे वेतन, पद वा बढती त्यात जात नसते. त्याने ती स्वतःहून सोडली तर मात्र दुसऱ्याच दिवशी त्याची शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा व हजेरी यांचे काय होणार, याचे उत्तर ज्या महाविद्यालयाच्या नावाने तो खेळतो त्याने आधीच देऊन ठेवावयास हवे. विद्यापीठांच्या क्रीडानियमांत खेळाडूने स्पर्धेतून माघार घेतल्यास कारवाईची तरतूद शोधणे कठीण नाही. सद्सद्विवेकाच्या कारणाने घेतलेल्या माघारीसाठी त्या नियमांत कोणते कलम आहे, याचीही पाहणी व्हावयास हवी.