प्याला टळावा म्हणताना

मार्काच्या शुभवर्तमानातली गेथशेमानेची प्रार्थना एका वचनात मावते: 14व्या अध्यायातले 36वे वचन. आधी बाप म्हणून हाक, मग त्याला सारे शक्य आहे ही कबुली, मग पुढ्यातला प्याला काढून घेण्याची विनंती, आणि अखेरीस आपली इच्छा बाजूला ठेवून सगळे त्याच्यावर सोपवणे. वल्हांडणाचे जेवण नुकतेच झाले आहे. जैतुनाच्या डोंगरावर रात्र आहे, आणि पकडायला येणारे वाटेवर आहेत.

या वचनाची खरी गोडी त्याच्या क्रमात आहे. सोपवणे शेवटी येते, आणि त्याआधीचे मागणे पूर्ण उच्चारले जाते. आपल्या प्रार्थनासभांत किंवा आजाऱ्याच्या खाटेशेजारी उभे राहून आपण पुष्कळदा ‘प्रभू, तुझी इच्छा असेल तर’ असे म्हणतो. हे शब्द नम्रतेचे आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण कधी कधी त्यांच्या आड भीती दडलेली असते. मागितले आणि मिळाले नाही तर काय, या धास्तीने आपण मागण्याआधीच माघारीची वाट मोकळी ठेवतो. येशूच्या प्रार्थनेत ही धास्ती कुठेच नाही. त्याला प्याला नको आहे आणि तो तसे स्वच्छ सांगतो.

मार्काची एक बारीक कारागिरी इथे पाहण्यासारखी आहे. हेच मागणे तो आपल्याला दोनदा ऐकवतो. 35व्या वचनात तो ते निवेदक म्हणून सांगतो, तेव्हा त्यात ‘शक्य असेल तर’ अशी अट आहे. लगेच 36व्या वचनात येशू स्वतः बोलतो, आणि अट नाहीशी होते. बापाला सगळेच शक्य आहे, असे ठाम विधान तिथे येते. प्रार्थना अशाने सोपी होत नाही, उलट अवघड होते. बापाला जमणार नसेल, असे म्हणून मनाची समजूत घालायची सोय उरत नाही. आता प्रश्न फक्त त्याच्या इच्छेचा. सामर्थ्यावर पुरा विश्वास ठेवून इच्छेपुढे वाकणे यातला जिवंत ताण मला दुसऱ्या कुठल्याही प्रार्थनेत इतक्या थोड्या शब्दांत सापडलेला नाही.

प्याल्याची प्रतिमाही मार्काने आधीपासून रुजवलेली आहे. यशया आणि यिर्मया या संदेष्ट्यांकडे प्याला देवाच्या क्रोधाचा आहे. मार्काच्या 10व्या अध्यायात जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूजवळ येतात. आम्ही जे मागू ते तू करावेस, अशी त्यांची सुरुवात असते. तुम्हाला माझा प्याला पिता येईल का, या त्याच्या प्रश्नाला ते चटकन होकार देतात. गेथशेमानेत येशू ज्या तिघांना जवळ घेतो त्यांत हे दोघे आहेत. तिसरा पेत्र, त्याने त्याच रात्री, मरावे लागले तरी तुला नाकारणार नाही, असे छातीठोक सांगितले आहे. हे तिघेही झोपी जातात. पेत्राला हाक मारताना येशू त्याला शिमोन म्हणतो, म्हणजे शिष्य होण्याआधीच्या नावाने. त्यांच्या खात्रीचा भार स्वतःच्या हिमतीवर होता. येशूची खात्री मात्र, जमिनीवर पडून जीव कासावीस झालेला असतानाही, बापावर टेकलेली आहे. कापऱ्या आवाजातही धैर्य असू शकते, हे मार्क अवाक्षर न बोलता दाखवतो.

याच तिघांनी डोंगरावर रूपांतर पाहिले होते आणि मेघातून आलेली वाणी ऐकली होती. आज वाणी येत नाही. येशू दुसऱ्यांदा जाऊन प्रार्थना करतो, ती त्याच शब्दांत, असे मार्क नोंदवतो. मत्तयाकडे दुसऱ्या खेपेस शब्द बदलतात. प्याला टळणार नसेल तर तुझ्या मनासारखे होवो, अशा अर्थाकडे प्रार्थना सरकते. तिथे मन कसे वळत गेले ते दिसते. लूककडे बापाच्या इच्छेचा उल्लेख मागण्याच्या आधीही येतो आणि नंतरही, पण मागणे गाळलेले नाही. मला मार्क अधिक भावतो. एकदा सोपवून झाल्यावरही तेच पुन्हा मागायला त्याचा येशू कचरत नाही.

योहानाच्या पहिल्या पत्रातली, 5व्या अध्यायातली 14 आणि 15 ही वचने मी या प्रसंगाशेजारी ठेवून वाचतो. देवाच्या इच्छेप्रमाणे मागितले तर तो ऐकतो, आणि तो ऐकतो हे ठाऊक असले म्हणजे मागितलेले आपल्याला मिळालेच आहे, असा त्यांचा आशय. पुष्कळ जण याचा अर्थ असा लावतात की आधी देवाची इच्छा शोधून काढायची, मग बेताने तेवढेच मागायचे. गेथशेमाने वाचल्यावर हा अर्थ अपुरा वाटतो. तिथे इच्छेचा शोध प्रार्थनेच्या आतच चालला आहे. पुत्राला हवे असलेले आणि बापाला हवे असलेले यांतले अंतर लपवून न ठेवता बापासमोरच मांडले आहे. मनातले दडवून ठेवलेल्या माणसाला सोपवायला तरी काय उरते?

मग ही प्रार्थना ऐकली गेली का? प्याला तर टळला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ उभा राहिलाच. तरी इब्री लोकांस पत्राचा लेखक 5व्या अध्यायाच्या 7व्या वचनात धीटपणे लिहितो की येशूने मरणातून तारू शकणाऱ्याजवळ आक्रोश करत, अश्रू ढाळत प्रार्थना केली आणि त्याचे ऐकण्यात आले. वधस्तंभ टळला नव्हता, हे त्याला पक्के माहीत होते. त्याची नजर मरणाच्या पलीकडे, तिसऱ्या दिवसाच्या पहाटेकडे आहे, असे मी समजतो. आणि लगेच 8व्या वचनात तो आणखी एक गोष्ट जोडतो, जी मला या साऱ्या प्रसंगात सर्वांत धाडसी वाटते: पुत्र असूनही, जे सोसले त्यातून येशू आज्ञापालन शिकला.