रोजनिशींतील उतारे आणि सरकारी हिशेबाचें अध्यापन

मराठ्यांचा राज्यकारभार शिकविणारे बहुधा दोन ग्रंथांवर विसंबतात: गणेश चिमणाजी वाड यांनीं काढलेले सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतील उतारे, आणि सुरेन्द्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या राज्यपद्धतीवरील १९२३ सालचा इंग्रजी ग्रंथ. दुसऱ्याची इमारत बऱ्याच अंशीं पहिल्याच्या पायावर उभी आहे. वाडांच्या परिश्रमांचें ऋण आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. तथापि सरकारी हिशेब कसा ठेवीत, हें शिकण्यास हे उतारे अपुरे आहेत, असें आमचें मत आहे.

वाडांनीं नोंदी विषयवार लाविल्या. इतिहासकाराची त्यांत सोय झाली. पण रोजकीर्दींतील नोंदीचा अर्थ तिच्या एकटीनें पुरा होत नाहीं. ती खतावणींत कोणत्या खातीं चढली, ताळेबंदांत कोठें आली, आणि आरंभींच्या बेहेड्याशीं ताडून पाहतां कमीअधिक काय निघालें, हें कळल्याविना आकार, वसूल व बाकी यांतील भेद उमगत नाहीं. महालास दिलेल्या सुटीचा उतारा वाचून विद्यार्थी सरकारचें औदार्य तेवढें शिकतो. ती सूट मूळ आकारांतून वजा झाली, कीं बाकी म्हणून पुढील सालीं ओढली गेली, हा कारभाराचा खरा प्रश्न. त्याचें उत्तर सुट्या उताऱ्यांत मिळत नाहीं.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सिद्ध, शेष, आय, व्यय व नीवी हीं पदें निरनिराळीं ठेविलीं आहेत. हिशेबाचा मेळ दिवस, पंचरात्र, पक्ष, मास, चातुर्मास्य व संवत्सर या क्रमानें घालण्यास सांगितलें आहे. मेळ तुटला कीं हिशेबाची केवळ वार्ता उरते. परंतु तें शास्त्राचें विधान झालें. व्यवहाराचा पुरावा दप्तरांतच शोधला पाहिजे.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध केले. तेहि निवडक कागदांचेच. आतां एका महालाचे एका सालचे हिशेब, बेहेड्यापासून ताळेबंदापर्यंत, बेरजा व खाडाखोड यांसह, समग्र छापावे. संग्राहकांनींहि हिशेबांचे रुमाल विसकटून वाचनीय पत्रें तेवढीं वेगळीं काढूं नयेत. असें एक पुस्तक विद्यार्थ्याच्या हातीं पडलें, तर दहा व्याख्यानांनीं न कळणारी गोष्ट त्यास एका बेरजेवरून कळेल.