‘प्रमुख ग्रंथी’ या संज्ञेची मर्यादा

पीयूषिका ग्रंथीस ‘प्रमुख ग्रंथी’ संबोधण्याची परंपरा जुनी आहे. अध्यापनास ही संज्ञा सोयीची असली, तरी संप्रेरक-नियमनाचे अपुरे चित्र ती उभे करते. या दृष्टीने जननसंप्रेरकांचे उदाहरण बोलके ठरते.

हायपोथॅलॅमसमधील जीएनआरएच चेतापेशी पीयूषिकेस चालना देतात आणि इस्ट्रोजेन या पेशींचे नियंत्रण करते, असे सर्वसाधारणपणे शिकविले जाते. वस्तुतः या पेशींत इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही जवळजवळ आढळत नाही. तो किस्पेप्टिन चेतापेशींत असतो. त्या इस्ट्रोजेनचा संदेश ग्रहण करतात व जीएनआरएच पेशींवरील जीपीआर-५४ या ग्राहीमार्फत पुढे पोहोचवितात. या ग्राहीच्या जनुकात दोष असल्यास यौवनारंभ घडून येत नाही, हे २००३ मध्ये फ्रान्स व अमेरिकेतील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. अशा रुग्णांची पीयूषिका मुळात सक्षम असते. बाहेरून जीएनआरएच दिल्यास ती प्रतिसादही देते.

ग्रंथी सक्षम आणि तरीही स्राव अपुरा, या विसंगतीचा उलगडा ‘प्रमुख ग्रंथी’ या संज्ञेने होत नाही. म्हणून ग्रंथींची श्रेणी सांगण्यापूर्वी ग्राही कोणत्या पेशीवर आहे, हे विद्यार्थ्यांस सांगणे अगत्याचे आहे.