निवेदनाची भाषा आणि जातीची उतरंड

मराठी कथात्मक वाङ्मयातील जातिव्यवस्थेचा विचार करताना आपले समीक्षक बहुधा कथावस्तू, पात्रे आणि लेखकाची भूमिका या तिहींकडे पाहतात. कृतीत अस्पृश्यतेचे चित्रण आहे काय, ते दुरून पाहून केले आहे की भोगून, लेखक कोणत्या समाजातून आला, हे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु ज्या वाक्यांतून कथा सांगितली जाते ती वाक्ये कोणाच्या भाषेतील आहेत, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत टिपणात तेवढाच एक प्रश्न घ्यावयाचा आहे. निवेदन ग्रांथिक भाषेत आणि संवाद बोलीत, ही मराठी कथेतील रूढ वाटणी केवळ वास्तवाचा आभास साधण्याची सोय नव्हे. समाजातील उतरंडच तीत वाक्यरचनेच्या पातळीवर उतरली आहे, असे माझे मत आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. धनगरांच्या वाडीवर गेलेला तरुण शिक्षक तेथील हकीकत सांगतो. वाडीतील माणसे आपल्या बोलीत बोलतात. मास्तर मात्र प्रमाण मराठीत निवेदन करतो. येथे ही वाटणी कथेतच समर्थनीय ठरते, कारण निवेदक बाहेरून आलेला व शिकलेला आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) असा शिक्षक नाही. कौतिकची व्यथा सांगणारा अनाम निवेदक प्रायः प्रमाण भाषेचाच आश्रय घेतो आणि वऱ्हाडी मुख्यतः पात्रांच्या तोंडी राहते. दोन्ही कृती श्रेष्ठ आहेत. तथापि दोहोंतही बोलीला प्रवेश मिळतो तो अवतरणचिन्हांच्या आत. त्या चिन्हांबाहेर वर्णन करणे, कारणे लावणे, निष्कर्ष काढणे, ही कामे जी भाषा करते ती दुसऱ्यांची. बोली बोलणारा बोलतो. त्याच्याविषयी सांगतो तो निराळा.

या वाटणीच्या मुळाशी ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ ही जोडी आहे. सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारातील हे शब्द आपण व्याकरणात घेतले आणि लेखनाच्या नियमांना ‘शुद्धलेखन’ म्हणू लागलो. अलीकडे ‘प्रमाणलेखन’ हा शब्द पुढे आला आहे, परंतु शिक्षकाच्या तोंडून जुना शब्द अद्याप सुटलेला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून जोतीराव फुल्यांवर टीका केली तेव्हा त्यांच्या प्रतिपादनाइतकाच त्यांच्या मराठीचा व व्याकरणाचा उपहास केला, हे सर्वश्रुत आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहिणाऱ्याच्या मुद्द्यांना उत्तर देण्यापेक्षा त्याच्या भाषेतील चुका दाखविणे सोपे होते, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या अशुद्धतेचे स्वरूप काय, हे पाहण्यासाठी शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे केवळ नावच पुरे आहे. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) या नावात तीन रूपे ग्रांथिक भाषेहून भिन्न आहेत. ‘माझ्या’चे ‘माज्या’ होताना महाप्राण गेला. पण प्राकृतातील ‘हत्थ’चे मराठीत ‘हात’ झाले तेव्हाही महाप्राणच गेला होता. हिंदीने तो ‘हाथ’मध्ये राखला, आपण राखला नाही. ‘भूख’ आणि ‘भूक’ यांचीही तीच कथा. ‘चित्र’चे ‘चित्तर’ ही स्वरभक्ती होय, आणि ‘यत्न’पासून आलेला ‘जतन’ किंवा ‘रत्न’चा ‘रतन’ हे शब्द तिच्याच वाटेने आले. त्यांस कोणी बाटलेले म्हणत नाही. ‘जन्म’चे ‘जल्म’ होणे म्हणजे शेजारी आलेल्या दोन अनुनासिकांपैकी एकाने रूप बदलणे. असे विषमीभवन कितीतरी भाषांत आढळते. तेव्हा या तिन्ही रूपांत नियमबाह्य असे काहीही नाही. याउलट ‘माझे’ऐवजी ‘माझं’, ‘केले’ऐवजी ‘केलं’ ही रूपे बोलण्यातूनच लेखनात आली. मध्यमवर्गीय ललित गद्याने ती आपलीशी केली आणि त्यांना आता ‘संवादी’ अशी गौरवाची संज्ञा आहे. एक उच्चार संवादी ठरतो आणि दुसरा अशुद्ध, यात निवाडा ध्वनीचा नसून बोलणाऱ्याच्या स्थानाचा आहे.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्येही यमूने आपली कहाणी घरगुती बोलण्याच्या धाटणीत सांगितली आहे. म्हणजे बोलणे निवेदनात येऊ शकते, हे मराठी कादंबरीला एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. फक्त ते घर पांढरपेशा ब्राह्मणाचे होते.

येथे एक आक्षेप संभवतो. अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’चे (१९५९) निवेदन ग्रांथिक मराठीतच केले, बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील निवेदनही तसेच प्रमाण आणि पुष्कळदा संस्कृतप्रचुर आहे. मग या लेखकांनी परक्याची भाषा पत्करली असे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. शाळेचे शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या माणसाने कादंबरीचे निवेदन ग्रांथिक भाषेत करणे म्हणजे जे स्थान नाकारले गेले त्यावर हक्क सांगणे होय. बागुलांच्या गद्यातील आवेश ज्यांना भडक वाटतो त्यांनी, निवेदकाच्या आसनावर प्रथमच बसणारा माणूस शांतपणे का बसत नाही, याचा विचार करावा. मात्र या मार्गाने आसन मिळाले तरी घरची भाषा संवादातच उभी राहिली, हेही खरे.

दया पवारांच्या ‘बलुतं’ची (१९७८) रचना हा पेच उघड करते. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. माणूस एकच, नावे दोन. एक गावाने हाक मारण्याचे, दुसरे पुस्तकावर छापण्याचे. ही युक्ती पुष्कळांनी केवळ आत्मकथनातील दुभंगलेपणाची खूण मानली आहे. मला तीत सांगणारा आणि लिहिणारा यांच्या भाषांमधील अंतराची कबुलीही दिसते. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) हे अंतर पुष्कळ कमी झाले आहे. ग्रांथिक रूपे मधूनमधून येतात, पण वर्णन करणे आणि दोष देणे ही निवेदकाची कामेही महारवाड्यातील स्त्रीच्या बोलण्याच्या वळणाने होतात. शीर्षकातील ‘आमुचं’ हे अनेकवचनही सार्थ आहे. शांताबाईंचे उदाहरण तर अधिकच बोलके, कारण त्या व्यवसायाने शिक्षिका होत्या. प्रमाण मराठी त्यांना येत नव्हती असे म्हणण्यास जागाच नाही. जी भाषा त्यांनी मुलांना शिकविली ती बाजूस ठेवून त्यांनी पुस्तकाचे नाव लिहिले.

आमची समीक्षा या निवडीपुढे पुरेशी सावध राहिलेली नाही. ‘रांगडी’, ‘अस्सल’, ‘मातीचा वास असलेली’ ही विशेषणे स्तुतीची असली तरी ती लेखकाला पुन्हा पात्र करून टाकतात; प्रमाण भाषेत लिहिणाऱ्याला कोणी ‘अस्सल’ म्हणून गौरवीत नाही. आपल्या वर्गांतही हीच विसंगती आहे. ही आत्मकथने पाठ्यपुस्तके म्हणून नेमावयाची, आणि त्यांवरील उत्तरात विद्यार्थ्याने ‘जल्म’ लिहिला तर शब्दाखाली लाल रेघ ओढावयाची, हे दोन्ही आपण एकाच वर्षात करतो.

या पुस्तकांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतील निवेदनाची रूपे शब्दशः पडताळून पाहणे हे काम आता हाती घ्यावयास हवे. संवादातील बोलीरूपे मुद्रितशोधक सहसा तशीच ठेवतो. निवेदनातील तीच रूपे तो चूक समजून सुधारीत आला आहे काय, हे पडताळ्यावाचून कळावयाचे नाही. जेथे हस्तलिखिते लेखकांच्या कुटुंबीयांकडे असतील तेथून ती मिळवून आरंभ करता येईल.